आचार आणि मंत्रचळ : मनोविकारशास्त्रातील एक पाठ

आपल्या अभ्यासवर्गात मन ह्या विषयाचा विचार आजवर बहुधा अध्यात्माच्या अंगाने झाला. मनाचा निग्रह, मनाची शुद्धी, मनाची एकाग्रता हे आपल्या परिचयाचे शब्द. ह्या पाठात मनाकडे वैद्यकाच्या अंगाने पाहावयाचे आहे. शरीराप्रमाणे मनासही आजार होतो हे तत्त्वतः आपण सर्वच मान्य करतो. परंतु तो आजार आपल्याच घरात, आपल्याच माणसाला, आणि तोही धर्माचरणाचा वेष घेऊन आला म्हणजे आपली ओळख चुकते. म्हणून मनोविकारांचे सारे शास्त्र एका दमात सांगण्याऐवजी एकच विकार घेऊन, त्याच्या उलगड्यासाठी निरनिराळ्या विचारवंतांनी कोणत्या उपपत्ती मांडल्या व त्यांतून कोणते उपचार निघाले, हे येथे क्रमाने पाहू. तो विकार म्हणजे मंत्रचळ. डॉक्टर मंडळी त्यास ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर अथवा संक्षेपाने ओसीडी म्हणतात.

एका घरातील हकिकत

माझ्या लहानपणी आमच्या घरी थोरल्या काकू होत्या. पहाटे चारला उठून विहिरीवर स्नान, ओलेत्याने पाणी भरणे, मग पूजेची तयारी व स्वयंपाक असा त्यांचा नेम असे. त्यांच्या सोवळ्याची वाखाणणी साऱ्या आळीत होई. पुढे स्नानास अर्ध्या तासाचा तास झाला, तासाचे दोन झाले. एकदा धुतलेले भांडे त्या पुनःपुन्हा धूत. वाळत घातलेल्या लुगड्याला कोणाचा तरी स्पर्श झाला असेल ह्या संशयाने ते पुन्हा भिजवीत. हातावर पाणी घालण्याचे काम माझ्याकडे असे. त्या विचारीत, “कोपरापर्यंत गेलं का रे, बाळ?” मी म्हणे, “गेलं, काकू.” “नीट पाहिलंस ना? नाहीतर पुन्हा घाल.” आणि मी पुन्हा घालीत असे. थंडीच्या दिवसांत त्यांच्या हातांना भेगा पडून रक्त येई.

अखेरच्या काही वर्षांत त्या देवघरात पाऊल टाकीनाशा झाल्या. ‘अजून मी स्वच्छ नाही’ असे म्हणून उंबरठ्याबाहेरूनच हात जोडीत व डोळे पुशीत. ज्या देवासाठी हे सारे आरंभिले, त्या देवाचेच दर्शन त्यांना दुरावले. आम्ही घरच्यांनी प्रथम त्यांची स्तुती केली, मग थट्टा केली, आणि शेवटी त्यांच्यावर संतापलो. हा रोग आहे व ह्यावर उपचार असू शकतो, हे मात्र आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षे लोटली. हा पाठ लिहावयास घेण्यामागे त्यांचीच आठवण आहे.

विकाराचे स्वरूप

ह्या विकाराची दोन अंगे आहेत. पहिले अंग म्हणजे मनात बळेच घुसणारा आणि हाकलला तरी न जाणारा विचार: हात विटाळले असतील, दाराची कडी राहिली असेल, आपल्या हातून कोणाला इजा झाली असेल, देवासमोर अभद्र शब्द तोंडून निघेल. दुसरे अंग म्हणजे त्या विचाराने उठलेली भीती शमविण्यासाठी करावी लागणारी कृती: धुणे, तपासणे, मोजणे, पुनःपुन्हा विचारणे, मनातल्या मनात प्रायश्चित्ताचा जप करणे. जपमाळेचा एक मणी सुटला असावा अशा शंकेने कोणी माळ पहिल्यापासून धरतो, पुन्हा शंका येते, पुन्हा माळ पहिल्या मण्यावर येते, आणि १०८ कधी पुरे होतच नाहीत. काहींचा तर सारा व्यापार मनातच चालतो, बाहेर कोणास सुगावाही लागत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. रोग्याची बुद्धी बहुधा शाबूत असते. आपला विचार अवास्तव आहे हे तो जाणतो, तरीही त्या संशयापुढे तो हतबल होतो. अशा विचारांत अथवा कृतींत दिवसाचा तासाहून अधिक काळ जात असेल, किंवा त्यांमुळे संसार, शिक्षण वा नोकरी ह्यांत अडथळा येत असेल, तर डॉक्टर त्यास विकार मानतात. शंभर माणसांत सुमारे दोघांस आयुष्यात केव्हातरी तो होतो. त्याचा आरंभ पुष्कळदा कुमारवयात अथवा तारुण्याच्या उंबरठ्यावर होतो. स्त्री, पुरुष, सुशिक्षित, अशिक्षित, आस्तिक, नास्तिक असा भेद तो करीत नाही.

मराठीतील ‘मंत्रचळ’ ह्या शब्दामागे अशी समजूत आहे की, मंत्रसाधनेत काही चूक झाल्याने माणसाचे चित्त चळते. त्या समजुतीत कारण चुकीचे सांगितले असले, तरी आपल्या पूर्वजांनी ही स्थिती पाहिली होती व तिला स्वतंत्र नाव दिले होते, एवढे त्यावरून खचित दिसते.

पहिले निरीक्षक

युरोपात ह्या विकाराचे बारकाईने वर्णन करणाऱ्या आरंभीच्या डॉक्टरांत फ्रान्समधील एस्किरोल ह्यांचे नाव अग्रभागी आहे. १८३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एका व्यापाऱ्याच्या मुलीची हकिकत दिली आहे. आपल्या आत्याच्या घरून निघताना तिच्या मनात आले की, तिची एखादी वस्तू आपल्या खिशातून नकळत तर आली नाही ना? पुढे हिशेब लिहिताना आपल्या चुकीने कोणाचे नुकसान होईल अशी भीती तिला वाटू लागली. त्यानंतर नाण्यांना हात लावणे आले, आणि हात झटकणे व चोळणे आले. आपली भीती निरर्थक आहे हे ती स्वतःच सांगे. म्हणजे पाहा, मुळात प्रामाणिकपणाची चाड असलेल्या ह्या मुलीला रोगाने नेमके त्याच ठिकाणी गाठले. मंत्रचळ बहुधा माणसाच्या सर्वांत कोमल जागी बसतो. ज्याला पावित्र्य प्रिय त्याला विटाळाचा, ज्याला मुले प्रिय त्याला मुलांच्या इजेचा, आणि ज्याला देव प्रिय त्याला देवनिंदेचा विचार छळतो.

१९०३ साली पिएर जाने ह्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी ह्या विकारावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते अशा रोग्याच्या ठायी मनाचे बळ उणे पडते, आणि त्यातून ‘अपुरेपणाची जाणीव’ उत्पन्न होते. केलेले काम पुरे झाले अशी खूण त्याच्या मनाला पटतच नाही. हात स्वच्छ झाल्याचे डोळ्यांना दिसते, पण ‘झाले’ हा शब्द आतून उमटत नाही. जाने ह्यांचा मनोबलाचा सिद्धांत आता मागे पडला. पण त्यांचे हे निरीक्षण आजही रोग्यांच्या तोंडून जसेच्या तसे ऐकू येते.

फ्रॉइड आणि अबोध मन

व्हिएन्नाचे सिग्मंड फ्रॉइड ह्यांनी ह्या विकाराचे मूळ अबोध मनात शोधले. १९०७ साली एक तरुण विधिज्ञ त्यांच्याकडे उपचारासाठी आला; त्याचा वृत्तांत १९०९ साली प्रसिद्ध झाला. आपल्या प्रियेची गाडी ज्या रस्त्याने जाणार त्या रस्त्यावर एक दगड पडलेला त्याने पाहिला. गाडीला अपघात होईल ह्या भीतीने त्याने तो बाजूला सारला. थोड्या वेळाने हे सारे हास्यास्पद वाटून तो परत गेला व दगड पुन्हा मूळच्या जागी ठेवणे त्याला भाग पडले. फ्रॉइड म्हणतात, ह्या दोन कृतींत दोन भावना बोलत आहेत: एक प्रेमाची, दुसरी दडपलेल्या रागाची. जी इच्छा मनाला सोसत नाही ती आत ढकलली जाते व वेष पालटून वर येते; मग तिचे निवारण करण्यासाठी कृतींचे कर्मकांड उभे राहते. ह्यावर त्यांचा उपचार म्हणजे मनोविश्लेषण. रोग्याने मनात येईल ते निःसंकोच बोलावे, आणि उपचारकाच्या साह्याने त्या दडपलेल्या भावनेस जाणिवेच्या प्रकाशात आणावे.

१९०७ च्याच एका निबंधात फ्रॉइड ह्यांनी मंत्रचळेपणाच्या कृती व धार्मिक विधी ह्यांची तुलना केली आणि पुढे एकंदर धर्मालाच एक प्रकारचा सार्वत्रिक मंत्रचळ ठरविले. आपणा देवालयाच्या मंडळींना हा निष्कर्ष रुचणार नाही, आणि तो मान्य करण्याची सक्तीही नाही. तथापि त्यामागील निरीक्षण टाकून देण्याजोगे नाही. दोहोंत बारीकसारीक तपशिलांचा आग्रह असतो, आणि चुकल्यास मन खाते. बाह्यतः इतके साम्य असल्यामुळेच धार्मिक घरात हा रोग वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

मनोविश्लेषणाने माणसाच्या लक्षणांना अर्थ असतो हे जगाला शिकविले, रोग्याचे बोलणे तासन्‌तास शांतपणे ऐकण्याची प्रथा पाडली, आणि हे त्याचे ऋण मोठे आहे. परंतु धुण्याच्या व तपासण्याच्या प्रत्यक्ष कृती थांबविण्याच्या कामी त्याचा उपयोग खात्रीचा ठरला नाही. कारण कळले तरी हात नळाकडे जातच राहिले.

सवयीची उपपत्ती आणि लंडनमधील प्रयोग

ह्याहून अगदी वेगळी वाट वर्तनवाद्यांनी धरली. भूतकाळात फार खोल न जाता, आज ही कृती कशाच्या आधाराने टिकून आहे, असा प्रश्न त्यांनी केला. अमेरिकेतील ओरव्हल मॉवरर ह्यांनी १९४७ साली मांडलेल्या उपपत्तीने त्याचे उत्तर दिले. एखादी निरुपद्रवी वस्तू प्रथम भीतीशी जोडली जाते. मग त्या वस्तूपासून दूर पळाल्याने भीती क्षणभर उतरते. ते क्षणभराचे समाधान हेच त्या पळण्याचे बक्षीस. हात धुतला की बरे वाटते, म्हणून पुढच्या वेळी धुण्याची ओढ अधिक बळकट होते. शिवाय न धुताही काही अनर्थ होत नाही, हे शिकण्याची संधी माणसाला कधी मिळतच नाही. सावकाराचे व्याज भागविण्यासाठी नवे कर्ज काढावे, तसा हा प्रकार. आजची निकड भागते आणि मुद्दल वाढत जाते.

ह्या विचारातून जो उपचार निघाला त्याचा पहिला ठळक प्रयोग व्हिक्टर मायर ह्यांनी लंडनमधील मिडलसेक्स रुग्णालयात केला व १९६६ साली प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे दोन स्त्रिया होत्या, आणि दोघींवर आधीचे उपचार निष्फळ ठरले होते. पहिली धुण्याच्या नादाने ग्रासलेली. दुसरी श्रद्धाळू ख्रिस्ती स्त्री. तिच्या मनात पवित्र आत्म्याविषयी अभद्र विचार येत व त्यांच्या परिमार्जनासाठी तिला दिवसभर कृती कराव्या लागत. मायर ह्यांनी पहिलीला ज्या वस्तूंची भीती, त्याच हाताळावयास दिल्या आणि त्यानंतर धुण्याची मुभा ठेवली नाही. खोलीतील नळ बंद ठेवले व परिचारिका सतत सोबत राहिल्या. दुसरीसही तिच्या भीतीच्या प्रसंगांना, परिमार्जनाच्या कृती न करता, सामोरे नेले. दोघींचीही स्थिती पुष्कळ सुधारली. १९७४ पर्यंत मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १५ रोग्यांचे वृत्तांत दिले. त्यांपैकी १० जण जवळजवळ बरे किंवा फार सुधारलेले होते. ज्या विकारापुढे तोवर डॉक्टर हात टेकीत, त्यात हे यश असाधारण होते.

भीतीला सामोरे जाणे आणि प्रतिकृती रोखणे, हे ह्या उपचाराचे सूत्र. आज तो सक्तीने नव्हे, तर रोग्याच्या संमतीने व पायरीपायरीने केला जातो. रोगी व उपचारक मिळून भीतीची शिडी तयार करतात: सर्वांत खालच्या पायरीवर सोपा प्रसंग, वरच्या पायरीवर अवघड. समजा, दाराच्या मुठीला हात लावून पंधरा मिनिटे न धुता बसावयाचे आहे. आरंभी छाती धडधडते, जीव घाबरा होतो. पण ती लाट चढते तशी ओसरतेही. १९७० च्या दशकात स्टॅन्ली रॅकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये मोजून पाहिले, तेव्हा कृती न करता थांबल्यास तिची ओढ बहुधा तासाभरात पुष्कळच उतरते असे आढळले. दुसऱ्या दिवशी लाट आणखी लहान असते. असे रोज करता करता मनाला जो अनुभव येतो, तो शंभर उपदेशांनी येत नाही.

विचार आणि विचाराला दिलेला अर्थ

मनात अभद्र विचार येतो तो आजारी माणसाच्याच काय? रॅकमन व मूळचे श्रीलंकेचे मानसशास्त्रज्ञ पद्मल डिसिल्वा ह्यांनी १९७८ साली सामान्य निरोगी माणसांना हे विचारले. दर पाचांतील सुमारे चौघांनी सांगितले की, नको असलेले, लाजिरवाणे, हिंसक किंवा देवनिंदेचे विचार त्यांच्याही मनात अधूनमधून डोकावतात. आणि त्या विचारांचा आशय रोग्यांच्या विचारांसारखाच होता. मग भेद कोठे? निरोगी माणूस ‘काय वेडे मन आहे’ असे म्हणून पुढे जातो. रोगी त्यास थांबवून चौकशी करतो: ‘असा विचार माझ्या मनात आलाच कसा? मी पापी आहे काय? आता काही घडले तर दोष माझा.’

अमेरिकेत एरन बेक ह्यांनी १९६० च्या दशकात खिन्नतेच्या रोग्यांसाठी जी बोधनिक उपचारपद्धती उभारली, तिचे तत्त्व असे की, माणसाला पीडा देण्यात घटनेपेक्षा त्या घटनेला त्याने दिलेल्या अर्थाचा वाटा मोठा असतो. १९८५ साली इंग्लंडमधील पॉल सॉल्कोव्हस्किस ह्यांनी हेच तत्त्व मंत्रचळास लावून दाखविले, आणि जबाबदारीची अतिरेकी जाणीव हे त्याचे मर्म असल्याचे सांगितले.

विचार दडपू गेल्यास तो अधिक जोमाने वर येतो. औषध घेताना माकडाची आठवण आणू नकोस असे वैद्याने बजावल्यावर त्या बिचाऱ्याला औषधाच्या वाटीत माकडच दिसू लागले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. १९८७ साली अमेरिकेत डॅनिएल वेग्नर ह्यांनी जवळजवळ हाच प्रयोग पांढऱ्या अस्वलावर केला. अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटा वाजवा, असे सांगितलेल्या विद्यार्थ्यांनी मिनिटाला एकाहून अधिक वेळा घंटा वाजविली. म्हणून उपचारक रोग्याला सांगतो की, विचाराला हाकलू नका व त्याचे आतिथ्यही करू नका. रस्त्यावरून वरात जावी तसा तो जाऊ द्या. गाभाऱ्यासमोर उभे असता एखादा घाणेरडा विचार मनात चमकून गेला, तर ते पाप नव्हे. तो विचार आपल्याला इतका बोचतो, ह्यावरूनच तो आपल्या इच्छेचा नाही हे उघड आहे.

मेंदू आणि औषधे

चौथी वाट शरीरशास्त्राची. क्लोमिप्रामीन हे औषध मंत्रचळावर उपयोगी पडते असे १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्पेनमधील डॉक्टरांच्या लक्षात आले. पुढे फ्लुव्होक्सामीन, फ्लुओक्सेटीन इत्यादी औषधे आली. मेंदूतील पेशींच्या दरम्यान निरोप पोहोचविणाऱ्या सेरोटोनिन ह्या द्रव्यावर त्यांचा परिणाम होतो. ह्या विकारात ती खिन्नतेच्या रोगापेक्षा बहुधा अधिक मात्रेत द्यावी लागतात, आणि गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून घरच्यांनी गोळ्या बंद करणे, ही नेहमी घडणारी चूक आहे.

ह्या बाबतीत १९९२ साली कॅलिफोर्नियात लुईस बॅक्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास लक्षणीय आहे. काही रोग्यांना औषध दिले, काहींना केवळ वर्तनोपचार. उपचारापूर्वी व नंतर त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. जे सुधारले त्यांच्या मेंदूत, मग उपचार कोणताही असो, कॉडेट नामक एकाच भागाच्या कार्यात सारखाच बदल दिसला. रोग्यांची संख्या लहान होती. तरीही मनाने केलेला अभ्यास शरीरात उमटतो, हे त्यातून दिसून आले. मन की मेंदू हा वाद घालीत रोग्याला ताटकळत ठेवण्याचे कारण नाही.

दोन्ही उपचारांची तुलना एडना फोआ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केली. उपचाराला आरंभ करणाऱ्या रोग्यांपैकी वर्तनोपचाराने शेकडा ६२, क्लोमिप्रामीनने शेकडा ४२, दोन्ही मिळून शेकडा ७०, आणि औषध नसलेल्या नुसत्या गोळीने शेकडा ८ जणांना चांगला गुण आला. अर्थात सर्वांना गुण येत नाही. काहींचा विकार उलटतो, काहींना वर्षानुवर्षे औषध घ्यावे लागते. परंतु माझ्या काकूंना जे वाट्यास आले, तेच आज कोणाच्या वाट्यास येण्याचे कारण उरलेले नाही.

शुद्धीला शेवट असतो

आता आपल्या घरचा प्रश्न. सोवळे पाळणारा प्रत्येक जण मंत्रचळी काय? मुळीच नाही. मग भेद कसा ओळखावा?

आचाराला मर्यादा असते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तीन गोष्टी शुद्ध मानल्या आहेत: जिचा विटाळ दृष्टीस पडलेला नाही ती, पाण्याने धुतलेली, आणि शिष्टांनी वाणीने प्रशस्त ठरविलेली. पहिल्याच कलमाने संशयाचा निकाल लावला आहे हे पाहा. जे दिसले नाही त्याचा शोध घेत बसू नये, असा त्याचा सरळ आशय आहे. रात्री, प्रवासात व आजारपणात शौचाचे नियम सैल करण्याची मुभाही स्मृतिकारांनी दिली, आणि ज्याला पाणी सोसत नाही त्याच्यासाठी मानसस्नान सांगितले. म्हणजे शास्त्राने प्रत्येक ठिकाणी ‘एवढे पुरे’ असे म्हटले आहे. मंत्रचळ ‘पुरे’ कधीच म्हणत नाही. २०२० साली कोरोनाच्या साथीत डॉक्टरांनी हात धुवावयास सांगितले, तेही २० सेकंद. त्या सूचनेलाही शेवट होता.

दुसरी खूण अशी की, आचाराने मन निवते, देवाजवळ जाते, आणि घरातील माणसे एकत्र येतात. मंत्रचळाने मन पोळते, देव दुरावतो आणि घर त्रासून जाते. तिसरी खूण: आचार प्रसंगाप्रमाणे वाकतो. मूल रडत असेल तर आई सोवळ्यातही त्याला उचलते. मंत्रचळात मूल रडत राहते व आई नळापाशी रडत राहते.

म्हणून चांगला उपचारक रोग्याचा धर्म सोडवीत नाही. इतर श्रद्धावान माणसे जितके करतात तितकेच करावयाचे, त्याहून अधिक नाही, एवढाच त्याचा आग्रह असतो. ह्या कामी देवळाचे पुजारी व घरचे वडीलधारे त्याचे मोठे साहाय्यक होऊ शकतात.

घरच्यांचे कर्तव्य

मी काकूंच्या हातावर पुन्हा पाणी घालीत असे व ‘गेलं, काकू’ असे म्हणत असे. त्या वेळी मला वाटे, मी त्यांची सेवा करतो आहे. आज कळते की माझ्या प्रत्येक होकाराने त्यांच्या संशयाला आणखी एक घास मिळत होता. बहुतेक घरांत असेच चालते. कोणी रोग्यासाठी कडी तपासतो, कोणी बाहेरून आल्यावर त्याच्या धाकाने कपडे बदलतो, कोणी एकाच प्रश्नाला वीस वेळा उत्तर देतो. हे प्रेमापोटीच होते. पण त्याने रोग पोसला जातो.

तेव्हा पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, थट्टा करू नये व रागावू नये. रोगी हट्टाने असे करीत नाही. दुसरी, स्वतःच नळ बंद करणे, खोलीला कुलूप लावणे असला अघोरी उपाय करू नये. मायर ह्यांच्या रुग्णालयातील गोष्ट वेगळी. उपचारकावाचून व संमतीवाचून केलेली सक्ती भीती वाढविते. तिसरी, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे, आणि वर्तनोपचार मिळेल काय असे स्पष्ट विचारावे. बेळगाव भागातील कुटुंबांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, गोव्यातील मंडळींना बांबोळीची संस्था जवळ आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर ह्या विकारासाठी स्वतंत्र विभाग आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य सुरू झाली असून तीत मराठीतूनही बोलता येते. चौथी, उपचारकाच्या सल्ल्याने व रोग्याशी आधी बोलून, खात्री देणारी उत्तरे हळूहळू कमी करावीत. ‘ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे नाही असे आपण मिळून ठरविले आहे, पण मी तुझ्याजवळ बसतो’, एवढे म्हणावे आणि खरोखरच जवळ बसावे. पाचवी, जगणे नकोसे झाल्याची भाषा रोग्याच्या तोंडी आली, तर ती बोलण्यावारी न नेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

देवळात येणाऱ्या मंडळींसही एक विनंती. एखादी बाई पायऱ्यांशी उभी राहून आत येण्यास कचरताना दिसली, एखादा मुलगा प्रदक्षिणा मोजताना पुनःपुन्हा चुकतो आहे म्हणून रडवेला झालेला दिसला, तर ‘केवढी ही भक्ती’ असे म्हणून कौतुक करू नये आणि ‘केवढे हे ढोंग’ असे म्हणून हिणवूही नये. त्याच्या घरच्यांना एकीकडे घेऊन, हा रोग असू शकेल व ह्याला उपचार आहे, एवढे सांगावे. तेवढे सांगणारे कोणी आमच्या घरी त्या काळी आले असते, तर काकू कदाचित उंबरठा ओलांडून आत आल्या असत्या.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील कोणत्या नेमाला शेवट आहे, आणि कोणता नेम ‘पुरे’ म्हणत नाही?

२. फ्रॉइड, मॉवरर व सॉल्कोव्हस्किस ह्यांनी एकाच विकाराची कारणे कोठे कोठे शोधली? प्रत्येकाच्या उपपत्तीतून कोणता उपचार निघतो?

३. संशयी माणसाच्या प्रश्नाला वारंवार होकार देणे ही सेवा का ठरत नाही? तिच्या जागी घरच्यांनी काय द्यावे?